रुग्णालयातील हातांची स्वच्छता : नव्याने जबाबदारी घेणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

सोलापुरातल्या एखाद्या रुग्णालयात, मग ते शासकीय सर्वोपचार रुग्णालयासारखे मोठे असो किंवा वीस-तीस खाटांचे खासगी, संसर्ग नियंत्रणाचे काम ज्यांच्याकडे नुकतेच आले आहे अशा परिचारिका, परिसेविका आणि तरुण डॉक्टर यांच्यासाठी हा लेख आहे. हे काम बहुधा एका आदेशाच्या कागदावर मिळते, त्यासाठी ना वेगळा वेळ मिळतो ना जोडीला माणूस, आणि पहिल्याच आठवड्यात वरिष्ठ विचारतात की आपले कर्मचारी हात का धूत नाहीत. उत्तर म्हणून बहुतेकजण प्रशिक्षणाचा वर्ग भरवतात, भिंतीवर तक्ते लावतात आणि महिनाभराने फारसे काही बदललेले नाही हे पाहून खचतात. माझे सांगणे असे की क्रम वेगळा ठेवावा. आधी हात साफ करण्याची सोय रुग्णाच्या खाटेपाशी आणावी, मग निरीक्षण करावे, मग आकडे सर्वांसमोर ठेवावेत आणि शिकवायचे ते त्या आकड्यांना धरून शिकवावे.

रुग्णालयात दाखल झाल्यावर रुग्णाला जडणारा संसर्ग बऱ्याचदा आपल्याच हातांनी एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर पोहोचतो. जखम, लघवीची पिशवी, सलाईनचा स्टँड, बीपीचा पट्टा, खाटेची दांडी यांवरचे जंतू हाताला लागतात, तिथे काही काळ तग धरतात आणि पुढच्या रुग्णाच्या सुईच्या जागी उतरतात. हे कर्मचाऱ्यांना ठाऊक नसते असे मुळीच नाही. नर्सिंगच्या पहिल्या वर्षापासून ते शिकवले जाते. तरीही जागतिक आरोग्य संघटनेने जगभरातल्या पाहण्या एकत्र केल्या तेव्हा, हात साफ करायलाच हवेत अशा प्रसंगांपैकी सरासरी चाळीस टक्क्यांच्या आसपास प्रसंगीच ते साफ केले जात असल्याचे दिसून आले. यामागचा हिशेब साधा आहे. गर्दीच्या वॉर्डात एका सिस्टरवर तासाला वीस वेळा हात साफ करण्याची वेळ येत असेल आणि साबणाने नीट हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागत असतील, तर तासातली तेरा ते वीस मिनिटे केवळ नळापाशी जातील, शिवाय जाण्या-येण्याचा वेळ वेगळा. तेवढा वेळ कोणाकडेच नसतो. हॅण्डरबला, म्हणजे पाण्याशिवाय हातांवर चोळायच्या अल्कोहोलयुक्त द्रवाला, मात्र २० ते ३० सेकंद पुरतात आणि त्यासाठी खाट सोडावी लागत नाही. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात दिदिए पिते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खाटेपाशी हॅण्डरब देणे, निरीक्षण करणे आणि त्याचे निष्कर्ष कर्मचाऱ्यांना सांगणे या मार्गाने १९९४ ते १९९७ या काळात हात साफ करण्याचे प्रमाण ४८ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर नेले, आणि त्याच सुमारास तिथल्या रुग्णालयजन्य संसर्गाचे प्रमाण १६.९ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आले. प्रमाण शंभर टक्के झाले नव्हते, ६६ झाले होते, आणि तरीही रुग्णांना त्याचा फायदा झाला, हे नव्याने काम सुरू करणाऱ्याने विशेष लक्षात घ्यावे.

पहिली पायरी : खाटेपासून नळापर्यंत चालून पाहा

सगळे रुग्णालय एकदम हाती घेऊ नका. ज्या वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर मनापासून साथ देतील असा एक वॉर्ड निवडा आणि वही-पेन घेऊन तिथे जा. प्रत्येक खाटेपासून सर्वांत जवळच्या बेसिनपर्यंत चालत जाऊन चार गोष्टी लिहून घ्या : नळाला आत्ता पाणी आहे का, साबण आहे का, हात पुसायला काय आहे, आणि खाटेपाशी हात पोहोचेल एवढ्या अंतरावर हॅण्डरबची बाटली आहे का. बाटली असेल तर ती दाबून पाहा, कारण रिकामी किंवा पंप तुंबलेली बाटलीसुद्धा नोंदवहीत ‘बाटली आहे’ अशीच दिसते. हीच फेरी एकदा रात्री दोन वाजता करा. दिवसा मिळणारा साबण रात्री कपाटात कुलूपबंद असतो आणि किल्ली सकाळच्या ड्युटीच्या सिस्टरबरोबर घरी गेलेली असते, हे त्या फेरीशिवाय कळत नाही.

पाण्याचा प्रश्न टाळून सोलापुरात या विषयावर बोलता येणार नाही. शहराला उजनी धरणाचे पाणी वर्षानुवर्षे काही दिवसांच्या अंतराने मिळत आले आहे, त्यामुळे रुग्णालये टाक्यांवर आणि टँकरवर चालतात. साठवलेल्या पाण्यातला क्लोरीन हळूहळू उडून जातो, म्हणून टाकी धुतल्याच्या तारखेची नोंद ठेवावी आणि नळाच्या टोकाशी पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे की नाही हे नियमित तपासून घ्यावे. पाणी खंडित होईल त्या दिवसांसाठी बादली आणि तांब्या ठेवण्याची पद्धत मात्र बंद करावी. प्रत्येकजण तांब्या बुडवतो आणि दुपारपर्यंत त्या बादलीत सगळ्यांच्या हातांचे पाणी मिसळलेले असते. त्याऐवजी खाली तोटी असलेला झाकणाचा ड्रम स्टुलावर ठेवावा आणि त्याखाली सांडपाण्याची बादली ठेवावी. दहा खाटांमागे किमान एक बेसिन असावे अशी अपेक्षा असते. आपल्याकडे ते नसेल तर नव्या बेसिनची मागणी लेखी करून ठेवावी, पण ते बसेपर्यंत काम थांबवू नये. साबण वडीचा असेल तर तो पाणी निथळणाऱ्या जाळीवर ठेवावा आणि वडीचे लहान तुकडे करून वापरावेत. द्रव साबणाच्या अर्ध्या रिकाम्या बाटलीत वरून नवा साबण ओतू नये, कारण त्या बाटलीत जंतू वाढतात; बाटली पूर्ण संपवावी, धुऊन वाळवावी आणि मगच भरावी.

हात पुसण्याची बाब सगळ्यांत दुर्लक्षित राहते. धुतलेले हात बेसिनशेजारी खिळ्याला टांगलेल्या ओलसर टॉवेलला पुसले की धुण्याचा उपयोग राहत नाही, कारण त्या टॉवेलला सकाळपासून साऱ्या वॉर्डाचे हात लागलेले असतात. कागदी नॅपकिन अनेक रुग्णालयांना परवडत नाहीत. आपल्या शहरात मात्र टेरी टॉवेल विणले जातात, आणि याचा फायदा आपण घ्यायला हवा. रुमालाएवढे छोटे टेरी नॅपकिन मोठ्या संख्येने घ्यावेत, स्वच्छ नॅपकिनची चळत झाकणाच्या डब्यात ठेवावी, प्रत्येक नॅपकिन एकदाच वापरून शेजारच्या बादलीत टाकावा आणि बादली रोज धोबीखान्यात जावी. एका शिफ्टला किती नॅपकिन लागतात हे दोन-तीन दिवस मोजून मगच खरेदीचा इंडेंट (मागणीपत्र) द्यावा; कमी पडले तर टांगलेला टॉवेल पुन्हा परत येतो.

आता हॅण्डरब. बाटलीवर अल्कोहोलचे प्रमाण, बॅच क्रमांक आणि मुदत लिहिलेली असावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या दोन सूत्रांपैकी एकात ८० टक्के इथेनॉल आणि दुसऱ्यात ७५ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल असते, आणि कातडी कोरडी पडू नये म्हणून दोन्हींत ग्लिसरॉल असते. खरेदी समितीसमोर बसाल तेव्हा भावाआधी हे प्रमाण वाचून दाखवा. किती लागेल याचा अंदाज असा बांधता येतो : दर रुग्णामागे दर दिवशी किमान २० मिलीलिटर वापर व्हावा असे धरले, तर चाळीस खाटांचा भरलेला वॉर्ड तीस दिवसांत १,२०० रुग्ण-दिवस पूर्ण करतो आणि त्याला महिन्याला २४ लिटर, म्हणजे अर्ध्या लिटरच्या ४८ बाटल्या लागतात. स्टोअरमधून त्या वॉर्डाला महिन्याला पाच बाटल्या जात असतील, तर हात साफ होत नाहीत हे निरीक्षण न करताही सिद्ध होते, आणि याचा दोष कर्मचाऱ्यांना देता येत नाही.

बाटली खाटेच्या पायथ्याच्या दांडीला क्लॅम्पने अडकवावी. ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर आणि औषधांच्या ट्रॉलीवर एकेक ठेवावी. बाटल्या नाहीशा होतात ही तक्रार खरी आहे. व्यसनी रुग्ण त्या पिण्याचाही धोका असतो. मनोरुग्ण, लहान मुले आणि दारूमुळे दाखल झालेले रुग्ण असतील अशा वॉर्डांत खाटेला बाटली न लावता कर्मचाऱ्यांना खिशात किंवा कमरेला लावण्याच्या छोट्या बाटल्या द्याव्यात. उघडल्याची तारीख बाटलीवर पेनने लिहावी. आणखी एक काळजी आपल्या हवेमुळे जास्तच घ्यावी लागते : वर सांगितलेल्या दोन सूत्रांची वाफ अनुक्रमे १७.५ आणि १९ अंश सेल्सियसला पेट घेऊ शकते, म्हणजे सोलापुरात जवळपास वर्षभर हा द्रव ज्वलनशीलच असतो. उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो तेव्हा बाटल्यांचे खोके गच्चीखालच्या तापलेल्या खोलीत किंवा खिडकीशी ठेवू नयेत, विजेच्या बटणांच्या वर डिस्पेन्सर लावू नये, वॉर्डात गरजेपुरताच साठा ठेवावा, आणि ऑक्सिजनला किंवा कॉटरीला (विजेवर चालणाऱ्या शस्त्रक्रियेच्या उपकरणाला) हात लावण्याआधी हात पूर्ण वाळू द्यावेत.

दुसरी पायरी : हात नेमके कधी साफ करायचे

‘सतत हात धुवा’ ही सूचना कोणालाच पाळता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पाच वेळा ठरवून दिल्या आहेत : रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, कोणतीही निर्जंतुक कृती करण्यापूर्वी, रक्त किंवा शरीरातील इतर द्रवांशी संपर्क आल्यावर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर, आणि रुग्णाच्या आसपासच्या वस्तूंना स्पर्श केल्यानंतर. पाठ करून घेण्यापेक्षा त्या एका खाटेवर दाखवाव्यात.

संध्याकाळी सहाच्या इंजेक्शनची फेरी घ्या. सिस्टर ट्रॉली घेऊन आजींच्या खाटेपाशी येतात, केसपेपर पाहतात आणि सुईच्या जागी सूज आहे का हे पाहण्यासाठी आजींचा हात हातात घेतात. त्याआधी पहिली वेळ आली. मग खाटेवर ठेवलेली नातेवाइकांची डब्याची पिशवी त्या बाजूला सरकवतात, चादर सारखी करतात, सलाईनचा वेग कमी करतात आणि सिरिंज उचलून कॅन्युलाचे (शिरेत बसवलेल्या नळीचे) टोपण उघडतात. पिशवी आणि टोपण यांच्यामध्ये दुसरी वेळ येते आणि तीच सर्वांत जास्त चुकते, कारण सिस्टरच्या मनात ‘आत्ताच तर हात चोळले’ असे असते आणि ते खरेही असते. पण पिशवीवरचे जंतू या क्षणी सरळ रक्तात जाऊ शकतात, म्हणून शिकवायला एकच गोष्ट निवडायची असेल तर ही निवडा. औषध देताना टोपणाशी रक्ताचा थेंब बोटाला लागला तर तिसरी वेळ येते आणि तिथे साबण-पाणी हवे. खाट सोडताना चौथी. त्याच वेळी शेजारच्या खाटेचे लॉकर आवरणाऱ्या मावशींनी रुग्णाला हातही लावलेला नाही, तरी लॉकर आवरून झाल्यावर त्यांची पाचवी वेळ येतेच. एका रुग्णाकडून मध्ये कशालाही हात न लावता थेट दुसऱ्याकडे गेले तर चौथी आणि पुढची पहिली वेळ एकाच चोळण्यात पूर्ण होते, हेही सांगा. त्याने काम निम्मे झाल्यासारखे वाटते आणि लोक ऐकतात.

हात दिसायला मळलेले असतील, रक्त लागले असेल, शौचालयातून आल्यावर आणि जुलाबाच्या रुग्णाची सेवा केल्यावर साबण-पाणीच वापरावे, कारण जुलाबाच्या काही जंतूंवर अल्कोहोलचा पुरेसा परिणाम होत नाही. बाकी सर्व वेळी हॅण्डरब चांगला. दोन्ही एकामागून एक वापरण्याची सवय लावू नये, त्याने कातडी फुटते.

चोळण्याची पद्धत शिकवताना तळहात, पंजांची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, वाकवलेल्या बोटांची पाठ, अंगठे आणि शेवटी बोटांची टोके हा क्रम ठेवा. अंगठा आणि बोटांची टोके हमखास सुटतात, आणि नाडी पाहताना, सुई धरताना, टोपण उघडताना रुग्णाला लागतात ती हीच. हे सांगून पटत नाही, दाखवून पटते. कर्मचाऱ्याला हातमोजे घालायला लावा, तळहातावर थोडा पोस्टर रंग द्या, डोळे मिटून हॅण्डरबसारखा चोळायला सांगा आणि मग डोळे उघडायला सांगा. मोज्यांवर पांढरे राहिलेले अंगठे पाहिल्यावर पुढचे बोलावे लागत नाही.

हातमोज्यांविषयी गैरसमज मोठा आहे. मोजे घातले की हात सुरक्षित झाले असे वाटून एकाच जोडीने चार खाटा केल्या जातात. त्यात कर्मचाऱ्याचे रक्षण होते, रुग्णाचे होत नाही. मोज्यांना बारीक छिद्रे असू शकतात आणि काढताना हात मळतात, म्हणून घालण्यापूर्वी आणि काढल्यानंतर हात साफ करावेतच.

बांगड्या, अंगठ्या आणि मनगटातले दोरे हा नाजूक विषय आहे आणि तो दरडावून सुटत नाही. अंगठीखाली आणि ओल्या दोऱ्यात जंतू राहतात हे सांगा, पण त्यासोबत मार्गही द्या : तुळजापूरचा किंवा अक्कलकोटचा दोरा दंडात बांधता येतो, अंगठी गळ्यातल्या साखळीत ओवता येते, आणि काढलेल्या बांगड्या ठेवायला कुलपाचा कप्पा रुग्णालयाने द्यायला हवा. शस्त्रक्रियागृह, प्रसूतिगृह आणि नवजात शिशु कक्ष येथे कोपराखाली काहीही चालणार नाही हे निक्षून सांगावे. इतर वॉर्डांत साधी, खडे नसलेली अंगठी सुरुवातीला चालवून घेतली तरी हरकत नाही. नखे छोटी असावीत, नकली नखे कुठेही नकोत. तंबाखू मळणाऱ्या मामांना हात साफ करण्याची गरज मळण्याआधीही आहे हे आवर्जून सांगा. त्यांच्या स्वतःच्या तोंडात काय जाते हे कळले की ते पटकन ऐकतात.

तिसरी पायरी : निरीक्षण आणि आकडे

सोय झाल्यावर दोन आठवड्यांनी निरीक्षण सुरू करा. एका बैठकीत वीस मिनिटे पुरेत. हात साफ करायला हवेत असा प्रत्येक प्रसंग एका रकान्यात आणि प्रत्यक्ष साफ केले ते दुसऱ्यात लिहा. दुसऱ्याला पहिल्याने भागून शंभराने गुणले की टक्केवारी मिळते. वेळ पाचांपैकी कोणती आणि कर्मचारी डॉक्टर, परिचारिका, विद्यार्थी की सफाई कर्मचारी हे लिहा, नाव लिहू नका. दोन काळांची तुलना करायची असेल तर दर वॉर्डात दर वेळी दोनशेच्या आसपास प्रसंग असावेत. लहान रुग्णालयात तेवढे जमले नाहीत तर कमी घ्या, पण मग दोन-चार टक्क्यांच्या फरकाला अर्थ देऊ नका. तुम्ही वही घेऊन उभे आहात हे दिसल्यावर सगळे हात चोळतील, त्यामुळे टक्केवारी फुगेल. म्हणून तिच्या जोडीला हॅण्डरबचा महिन्याचा खप ठेवा. निरीक्षण नव्वद टक्के दाखवते आणि बाटल्या मात्र संपत नाहीत, असे झाले तर बाटल्यांवर विश्वास ठेवा.

आकडे आठवडाभरात वॉर्डातच सांगा, शिफ्ट बदलताना, पाच मिनिटांत, सर्वांना उभ्याउभ्या. ‘दुसरी वेळ शंभरात तीस वेळाच साधली’ एवढे पुरते. कोणाला नोटीस देण्यासाठी हे आकडे वापरू देऊ नका, अधीक्षकांनी मागितले तरी. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात १८४७ साली इग्नात्स सेमेलवाईस या डॉक्टरांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केल्यावर बाळंतिणींचे मृत्यू काही महिन्यांत सुमारे अठरा टक्क्यांवरून दोन टक्क्यांच्या आसपास आले होते. एवढा स्पष्ट पुरावा असूनही पुढे त्यांनी सहव्यवसायिकांना जाहीर पत्रांतून खुनी ठरवले, आणि त्यांचे म्हणणे हयातीत सर्वमान्य झाले नाही. पुराव्याचा आरोप झाला की माणसे पुराव्याशीच भांडू लागतात.

डॉक्टरांचे प्रमाण बहुतेक ठिकाणी परिचारिकांपेक्षा कमी आढळते, आणि राऊंडला मोठे सर जे करतात तेच इंटर्न करतात. सिस्टरने सरांना टोकावे ही अपेक्षा आपल्या व्यवस्थेत अवघड आहे, म्हणून टोकण्याची गरजच पडू नये अशी रीत पाडा : राऊंड सुरू होताना आणि प्रत्येक खाट सोडताना सिस्टरने न बोलता बाटली पुढे करायची. बहुतेक सर हात पुढे करतात. विभागप्रमुखांशी याबद्दल आधी एकट्यात बोलून घ्या, मग सिस्टरवर ओझे येत नाही.

सोलापुरात सफाई कर्मचाऱ्यांपैकी अनेकांची घरची भाषा तेलुगू किंवा कन्नड आहे. त्यांचा वर्ग त्यांच्याच भाषेत, त्यांच्यातल्याच एखाद्या अनुभवी मावशींकडून घ्या आणि त्यांना त्या दिवशी ड्युटीतून मोकळे ठेवा. रुग्णाजवळ राहणारे नातेवाईकही खाऊ घालतात, पुसतात, भांडे देतात. विजयपूर, कलबुर्गी, धाराशिवहून आलेल्या त्या माणसांना दाखल होतानाच बाटली कशी वापरायची ते दाखवा. रुग्णांनी कर्मचाऱ्यांना विचारावे असे सांगण्यापेक्षा कर्मचाऱ्यांनीच म्हणावे, ‘आजी, आधी हात साफ करते हं, मग बघते.’ हे वाक्य कानावर पडत राहिले की न म्हणणारी सिस्टर आपोआप लक्षात येते.

हातांची आग होते, ही तक्रार आली तर ती उडवून लावू नका. आग होणारी कातडी आधीच फुटलेली असते, आणि त्याचे कारण बहुधा वारंवार साबण लावणे आणि ओल्या हातांवर मोजे घालणे हे असते. हिवाळ्यात नर्सेस स्टेशनवर क्रीमची बाटली रुग्णालयाच्या खर्चाने ठेवा, आणि त्रास सुरूच राहिला तर हॅण्डरबचा प्रकार बदलून पाहा.

तक्त्यांसाठी फार शक्ती खर्च करू नका. एक तक्ता बेसिनवर, एक खाटेसमोर, आणि दर दोन महिन्यांनी चित्र बदला, नाहीतर तो भिंतीचा भाग होऊन जातो.

वर्षाची आखणी करताना ५ मे या जागतिक हात स्वच्छता दिनाचा कार्यक्रम करावाच, परंतु सोलापूरसाठी त्यापुढचे दोन-तीन महिने जास्त महत्त्वाचे आहेत : मे महिन्यात पाणी सर्वांत कमी असते, पावसाबरोबर जुलाबाचे रुग्ण वाढतात आणि आषाढीच्या सुमारास पंढरपूरच्या बाजूने येणारी गर्दी वाढते. जेवढी गर्दी जास्त तेवढे हात साफ करण्याचे प्रमाण घसरते, म्हणून हॅण्डरब आणि साबणाचा जादा इंडेंट एप्रिलमध्येच द्या, आणि एक निरीक्षण मुद्दाम त्या गर्दीच्या आठवड्यात ठेवा.

शासकीय रुग्णालयात तुमची बदली होणारच आहे. म्हणून पहिल्या दिवसापासून एक जाड नोंदवही ठेवा, ज्यात कोणत्या खाटेला बाटली कधी लागली, कोणत्या महिन्यात किती लिटर खपले, कोणत्या वॉर्डाची कोणती वेळ चुकते, नॅपकिन किती लागतात आणि धोबीखान्यातून किती परत येतात, कोणत्या इन्चार्ज सिस्टर आणि कोणत्या मावशी हे काम चालवू शकतात, हे सगळे लिहिलेले असेल. कार्यमुक्त होण्याआधी नव्याने येणाऱ्या व्यक्तीला ती वही हातात देऊन एकदा त्याच वॉर्डात, रात्री दोनच्या फेरीला, बरोबर घेऊन जा.